पीआर बघ ना यार

आमच्या टीमच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त वेळा येणारा मेसेज म्हणजे "माझा पीआर बघ ना यार". त्याच्याखाली एक अंगठा. दुपारी परत तोच मेसेज, या वेळी हात जोडलेल्या इमोजीसकट. संध्याकाळपर्यंत "भिया, आज तो कर दे". म्हणजे चांगला घरी मराठी बोलणारा मुलगा तोवर हिंदीवर आलेला असतो, इंदूरच आहे हे, विनवण्या आपल्याला हिंदीतच जास्त जमतात. आणि मग रात्री जेवणबिवण झाल्यावर कुणीतरी बिचारा लॅपटॉप उघडतो, 'एलजीटीएम' एवढी चार अक्षरं टाकतो, म्हणजे 'मला तरी ठीक वाटतंय', अ‍ॅप्रूव्ह दाबतो आणि झोपायला जातो. याला आम्ही कोड रिव्ह्यू म्हणतो.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डेव्हलपर जे लिहितो ते थेट मुख्य कोडमधे जात नाही, तो ते वेगळ्या ब्रँचवर, म्हणजे मुख्य कोडच्या स्वतःपुरत्या फांदीवर, लिहितो आणि मग पुल रिक्वेस्ट टाकतो, म्हणजे पीआर, म्हणजे "हे मी केलंय, बघा आणि आत घ्या". टीममधलं दुसरं कुणीतरी ते वाचतं, जिथे खटकलं त्या ओळीवर कमेंट टाकतं, आणि त्याने अ‍ॅप्रूव्ह केलं की मगच मर्जचं, म्हणजे मुख्य कोडमधे मिसळायचं, बटण दाबता येतं. बस. एवढ्याशा गोष्टीवरून मी ऑफिसात जितकी भांडणं बघितलीयत तितकी इन्क्रिमेंटवरून नाही बघितली.

वैतागलेल्यांची बाजू आधी मांडते कारण ती खरी आहे. माझ्या एका जुन्या कंपनीत (नाव कशाला घ्या) रिव्ह्यू करणारे एकच सर होते. सगळ्या टीमचे पीआर त्यांच्या दारात रांगेत उभे. सर दिवसभर क्लायंटच्या कॉलवर, मधे वेळ मिळाला की एक पीआर उघडायचे, "या फंक्शनचं नाव नीट द्या" एवढं लिहायचे आणि परत कॉलवर. नाव बदलून टाकलं की दुसऱ्या दिवशी "आधीचं बरं होतं". आणि नुसता वेळ जातो असं नाहीये, त्याच्यापुढे जे होतं ते जास्त वाईट. माणूस हिशोब करतो, की वीस ओळींचा पीआर टाकला तरी तीन दिवस थांबायचं आणि आठशे ओळींचा टाकला तरी तीनच दिवस, तर मग एकदाच काय ते थांबू ना. म्हणून तो सगळं साठवून एक भला मोठा पीआर टाकतो. तो मोठा म्हणून त्याला हात लावायला सरांना अजून उशीर, उशीर म्हणून पुढचा अजून मोठा, आणि तोपर्यंत मुख्य ब्रँच पुढे निघून गेलेली त्यामुळे कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच ओळीत दोघांचे वेगवेगळे बदल, ते सोडवताना नवीनच काहीतरी मोडतं, आणि मग मीटिंगमधे सगळे म्हणतात की क्वालिटी घसरतेय, रिव्ह्यू अजून कडक करा.

अमेरिकेतला क्लायंट स्वतः रिव्ह्यू करत असेल तर आणखी मजा. तिकडे ईस्ट कोस्टला उन्हाळ्यात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. तो बसतो तेव्हा तुम्ही विजयनगरच्या सिग्नलला गाडी बंद करून उभे. त्याने एक साधा प्रश्न विचारला, "ही व्हॅल्यू रिकामी येऊ शकते का?", उत्तर "नाही" एवढंच आहे, पण ते त्याच्यापर्यंत पोचून त्याचा पुढचा प्रश्न आपल्यापर्यंत यायला एक अख्खा दिवस. समोरासमोर बसले असते तर चहा गार व्हायच्या आत संपलं असतं.

तर हे अडवणं खरंच आहे, आणि जे लोक म्हणतात की रिव्ह्यूमुळे फक्त स्पीड कमी होतो त्यांना मी वेड्यात काढत नाही. पण अडवतंय कोण, रिव्ह्यू की रांग? गूगलच्या लोकांनी 2018 मध्ये स्वतःच्या रिव्ह्यूंचा अभ्यास छापला होता, जवळपास नव्वद लाख बदलांचा, त्यात असं दिसलं की तिथे निम्म्याहून जास्त बदलांचा रिव्ह्यू टाकल्यापासून चार तासांच्या आत पूर्ण होतो, बहुतेक वेळा एकच माणूस बघतो, आणि मधला म्हणावा असा बदल चोवीस ओळींचा असतो. चोवीस! आमच्याकडे चोवीस ओळी तर नुसत्या वरच्या इम्पोर्टच्या असतात. लोक म्हणतात गूगल आहे ते, त्यांना जमतं. मला वाटतं त्यांना जमतं कारण ते छोटं टाकतात, आणि छोटं टाकलेलं बघायला कुणाच्या जिवावर येत नाही. त्याच्याही आधी, 2006 मध्ये, सिस्कोमधल्या अडीच हजार रिव्ह्यूंचा अभ्यास झाला होता, त्यांचंही तेच: एका बैठकीत दोनशे ते चारशे ओळी, फार तर तास-दीड तास, त्याच्यापुढे माणूस नुसता स्क्रोल करतो. हे कळायला अभ्यास लागत नाही खरं तर. नऊशे ओळींच्या पीआरला चार मिनिटांत एलजीटीएम आलं की समजायचं काय ते.

आणि उलट बारा ओळींचा पीआर असेल तर? त्याच्याखाली सतरा कमेंटा. पार्किन्सन नावाच्या इंग्रज गृहस्थांनी 1957 मध्ये लिहून ठेवलंय की कमिटीपुढे अणुभट्टीचा प्रस्ताव आला तर तो काही मिनिटांत पास होतो कारण ती कुणालाच कळत नाही, आणि सायकल स्टँडच्या शेडवर मात्र चर्चा संपता संपत नाही कारण पत्रा कुठला लावायचा यावर प्रत्येकाला मत असतं. 1999 मध्ये फ्रीबीएसडी नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करणाऱ्या पॉल-हेनिंग कॅम्पने ही गोष्ट प्रोग्रामर लोकांत आणली आणि तेव्हापासून आमच्या धंद्यात असल्या चर्चेला 'बाइकशेडिंग' म्हणतात. टॅब की स्पेस, कंस इथे की खालच्या ओळीत, व्हेरिएबलला 'डेटा' म्हणायचं का 'रिझल्ट'. एका पीआरवर एका शहाण्याने "कॉमानंतर स्पेस हवी" असं सहा ठिकाणी लिहिलेलं मी बघितलंय, आणि त्याच पीआरमधे पासवर्ड लॉगमधे, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, छापला जात होता, तो मात्र त्याच्या नजरेतून सुटला.

यावर औषध सोपं आहे आणि ते आता जवळपास सगळीकडे आलंय, मांडणी आपोआप नीट करणारा फॉरमॅटर लावायचा, ठरावीक चुका दाखवणारा लिंटर लावायचा, कॉमा-स्पेसचं सगळं मशीन बघेल. गो भाषेवाल्यांनी तर फॉरमॅटर भाषेबरोबरच दिला, वादच संपवला. आमच्याकडे आम्ही हे लावलं तेव्हा एक गंमत झाली ज्याची मी अपेक्षा केली नव्हती. कमेंटा एकदम कमी झाल्या, बरं वाटलं. पण दोनेक आठवड्यांनी लक्षात आलं की काही जणांच्या कमेंटा शून्यावर आल्यात. म्हणजे यांच्याकडे कॉमा सोडून बोलायला काही नव्हतंच. इतके दिवस ते कोड वाचतच नव्हते, कोडवर नजर फिरवत होते.

आणि माझ्या मते सगळं घोडं इथेच पेंड खातं, वाचण्यापाशी.

हे सगळं सुरू कुठून झालं ते बघायला गेलं तर मायकेल फॅगन नावाचा आयबीएमचा माणूस, त्याने 1976 मध्ये याची पद्धत छापली. तेव्हा पीआर वगैरे काही नाही, कागदावर छापलेला कोड घेऊन लोक खोलीत बसायचे. एक मॉडरेटर, एक डिझाइन करणारा, एक कोड लिहिणारा, एक टेस्टर. आणि एकाने कोड आपल्या शब्दांत सगळ्यांना सांगत जायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि खटकलं की थांबवायचं. एका बैठकीला दोन तासांच्या वर जायचं नाही, डोकं चालत नाही. आणि त्याने अजून एक गोष्ट अगदी बजावून सांगितली होती जी आपल्याकडच्या एचआरवाल्यांनी फ्रेम करून लावायला हवी, की या बैठकीत निघालेल्या चुकांचा कुणाच्याही अप्रेझलशी संबंध लावायचा नाही. का ते उघड आहे. एकदा का माझ्या कोडवर किती कमेंट आल्या यावर माझी रेटिंग ठरायला लागली की मी माझा पीआर मित्राकडे पाठवणार, आणि तो त्याचा माझ्याकडे.

फॅगनचं ते मोठ्याने सांगत जायचं वाचलं तेव्हा मला माझे आजोबा आठवले. राजवाड्याजवळच्या एका छापखान्यात ते मुद्रितं तपासायचे, खिळे जुळवायच्या काळात. एकजण मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचा, अगदी "स्वल्पविराम", "पूर्णविराम", "नवा परिच्छेद" सकट, आणि आजोबा समोरच्या कच्च्या प्रतीवर बोट ठेवून बघत जायचे. ते म्हणायचे की स्वतः जुळवलेलं स्वतः कधी तपासू नये, डोळ्याला काय हवंय तेच दिसतं. त्या वाचण्यात त्यांचं इतकं सगळं फुकटात वाचून झालं होतं, आयुर्वेदापासून होळकरांच्या इतिहासापर्यंत, की आम्हाला ते फार शिकलेले वाटायचे. शाळा सातवीपर्यंत.

आता परत कोडकडे. सगळे म्हणतात रिव्ह्यू कशासाठी, तर बग, म्हणजे कोडमधल्या चुका, पकडायला. मायक्रोसॉफ्टमधे बाकेल्ली आणि बर्ड या दोन संशोधकांनी 2013 मध्ये हेच विचारून बघितलं, डेव्हलपर आणि मॅनेजर दोघांनीही पहिलं कारण तेच दिलं, बग. मग त्यांनी प्रत्यक्ष कमेंटा काढून वाचल्या तर बगबद्दलच्या कमीच निघाल्या, आणि ज्या निघाल्या त्याही बऱ्याचशा किरकोळ. जास्तीचं बोलणं कोड नीटनेटका करण्यावर आणि "हे काय चाललंय मला समजलं नाही" अशा प्रकारचं. फिनलंडच्या दोन संशोधकांनी 2009 मध्ये असंच मोजलं होतं, रिव्ह्यूत सापडणाऱ्या गोष्टींपैकी सुमारे पंचाहत्तर टक्के अशा, ज्यांनी प्रोग्रामच्या वागण्यात काहीच फरक पडत नाही, फक्त पुढच्या माणसाला तो कोड सांभाळायला सोपा जातो.

आमच्याकडची एक गोष्ट सांगते म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. सियागंजातल्या एका होलसेल व्यापाऱ्याचं बिलिंग आमच्याकडे आहे. आमच्या टीममधल्या एका जुन्या दादाने त्यात दुसऱ्या राज्यातल्या गिऱ्हाइकांसाठी आयजीएसटी जोडलं आणि पीआर टाकला. रिव्ह्यूला दिला नुकत्याच लागलेल्या एका मुलीला, तिला जीएसटीचा ओ की ठो माहीत नाही. तिने दिवसभर काहीच लिहिलं नाही. संध्याकाळी माझ्या डेस्कपाशी आली, "ताई, एक विचारू का? मूर्खासारखं असेल." मी म्हटलं विचार. म्हणाली, "टेस्टमधे शंभर रुपये पन्नास पैशांचा माल आहे, अठरा टक्के टॅक्स. इंदूरच्या दुकानदाराला विकला तर टॅक्स अठरा रुपये दहा पैसे. तोच माल धुळ्याला पाठवला तर अठरा रुपये नऊ पैसे. असं कसं?"

मी दादाला हाक मारली. तोही क्षणभर गप्प. मग हसला. राज्यातल्या राज्यात विकलं की टॅक्स अर्धा-अर्धा, नऊ टक्के केंद्राचा सीजीएसटी आणि नऊ टक्के राज्याचा एसजीएसटी. शंभर पन्नासचे नऊ टक्के म्हणजे नऊ रुपये साडेचार पैसे. आता साडेचार पैसे बिलावर छापायचे कसे? आणि दोन्ही आकडे वेगवेगळ्या रकान्यात छापायचे असतात, दोन्ही सारखेच दिसले पाहिजेत, एक नऊ-चार आणि दुसरा नऊ-पाच असं केलं तर तिथले मुनीमजी फोन करून डोकं खातात. म्हणून दोन्ही वेगवेगळे राउंड करायचे, दोन्ही नऊ-पाच, मिळून अठरा-दहा. धुळ्याच्या बिलात अठरा टक्के एकदमच लागतात, ते सरळ अठरा-नऊ. म्हणजे कोड बरोबर होता. पण हे का बरोबर आहे हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, फक्त दादाच्या आणि त्या मुनीमजींच्या डोक्यात होतं. पुढच्या वर्षी कुणी हुशार मुलाने येऊन "अरे हे दोनदा राउंड कशाला होतंय" म्हणून साफसूफ केली असती आणि कित्येक बिलं एकेका पैशाने हलली असती. दादाने त्या ओळीवर दोन वाक्यांची नोट टाकली आणि शंभर पन्नासची टेस्ट धुळे आणि इंदूर अशी दोन नावं देऊन वेगळी केली.

सापडलेले बग, शून्य. कुठल्याही रिपोर्टमधे हा रिव्ह्यू दिसणार नाही. पण त्या दिवशी त्या मुलीला जीएसटी कळला आणि ती रिव्ह्यू करायला घाबरायची थांबली.

मला म्हणायचंय ते हेच, की रिव्ह्यूत ज्याचा कोड तपासला जातो त्याला थोडंफार मिळतं, खरं मिळतं ते वाचणाऱ्याला. आणि आपण सगळा मामला उलटा मांडून ठेवलाय. सिनियर माणूस तपासणार, ज्युनियर तपासून घेणार. म्हणजे ज्याला वाचून सगळ्यात कमी मिळणार त्यालाच आपण वाचायला बसवतो, त्याचा वेळ सगळ्यात महाग, त्यामुळे रांग लागते, आणि ज्याला वाचायची सगळ्यात जास्त गरज त्याला कुणी विचारतच नाही. "सरांच्या कोडवर मी काय लिहिणार?" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय. अरे, समजलं नाही तर समजलं नाही असं लिही. तीसुद्धा कमेंटच आहे, आणि बहुतेक वेळा तीच कामाची असते. गूगलच्याच त्या अभ्यासात लिहिलंय की त्यांच्याकडे रिव्ह्यू मुळात बगसाठी सुरू झालाच नव्हता, एकाने लिहिलेलं दुसऱ्याला वाचता आलं पाहिजे म्हणून सुरू झाला होता.

इंदूरमधे ही गोष्ट अजून जास्त लागू आहे असं मला वाटतं, जरा स्पष्टच बोलते. सुपर कॉरिडॉरवर टीसीएस-इन्फोसिसचे कॅम्पस आलेत ते ठीक आहे, पण विजयनगर, पलासिया भागात ज्या छोट्या-मध्यम कंपन्या आहेत तिथे काय होतं, पोरगा कॉलेजातून येतो, दीड-दोन वर्षांत तयार होतो, आणि एका शुक्रवारी पेढ्यांचा बॉक्स घेऊन येतो की पुण्यात झालं माझं. नाहीतर बंगळूर. मग आम्ही छप्पन दुकानला पार्टी करतो, तो रात्रीच्या बसने जातो, आणि सोमवारी कुणीतरी विचारतं की पेमेंटवाला मॉड्यूल कुणाला कळतो? शांतता. 'नॉलेज ट्रान्सफर' म्हणून शेवटच्या आठवड्यात जे दोन तासांचे कॉल होतात त्यांचा काही उपयोग होत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, सांगणाऱ्याचं मन गेलेलं असतं आणि ऐकणाऱ्याला काय विचारायचं तेच कळत नसतं. पण त्याचे पीआर जर वर्षभर कुणीतरी खरोखर वाचत आलं असेल, वाचत म्हणजे वाचत, तर तो गेल्यावर फार फरक पडत नाही. म्हणून आमच्या टीममधे आता पहिला रिव्ह्यू नवीन माणसाचाच. सिनियरने नंतर बघायचं आणि तेही फक्त जोखमीचं असेल तर, पैसे, पासवर्ड, डेटाबेसमधला बदल. बाकी ठिकाणी एकाने वाचलं की मर्ज.

यावर मला नेहमी विचारतात की मग बगचं काय? तर बगचं असं आहे की रिव्ह्यूच्या भरवशावर बसणाऱ्याने हार्टब्लीड नावाच्या बगचं एकदा वाचून बघावं. ओपनएसएसएल, जगातल्या निम्म्या वेबसाइटांचं कुलूप म्हणा हवं तर. 2011 च्या अगदी शेवटच्या दिवशी, 31 डिसेंबरला, त्यात एक बदल आत गेला. समोरचा सांगतो की मी इतक्या लांबीचा संदेश पाठवलाय, आणि कोडने तो खरंच तितका आहे का हे न बघताच तितकी मेमरी परत पाठवून द्यायची. संदेश एक अक्षराचा आणि लांबी सांगितली चौसष्ट हजार, तर मेमरीत पुढे जे काही पडलेलं असेल, किल्ल्या, पासवर्ड, काहीही, ते सगळं बाहेर. एका ओळीची तपासणी राहिली होती. हा बदल रिव्ह्यू होऊनच आत गेला होता. 2014 पर्यंत कुणाला दिसलं नाही, आणि कोड सगळ्यांसाठी उघडा. आणि 2024 मध्ये एक्सझेडचं, म्हणजे लिनक्समधे वापरल्या जाणाऱ्या फायली लहान करायच्या टूलचं, प्रकरण झालं त्यात तर मुद्दाम घातलेला चोरदरवाजा होता, टेस्टच्या फायलींमधे लपवलेला, घालणाऱ्याने दोनेक वर्षं काम करून आधी विश्वास कमावला होता. ते पकडलं आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका इंजिनियरने, रिव्ह्यूत नाही हं, त्याला सर्व्हरचं लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय असं जाणवलं आणि तो मागे लागला. बगसाठी टेस्ट लिहा, मशीनकडून तपासून घ्या, मॉनिटरिंग लावा. माणसाच्या डोळ्यांवर तो सगळा भार टाकला की डोळे थकतात, आणि वर "रिव्ह्यू केला होता ना तू?" म्हणून ज्याने वाचायचे कष्ट घेतले त्याच्यावरच बिल फाटतं.

रिव्ह्यूच्या कमेंटांमधल्या टोनबद्दलही लोक खूप लिहितात, ते मी थोडक्यातच उरकते. लिनक्स बनवणाऱ्या टॉर्व्हाल्ड्सनी स्वतःच 2018 मध्ये आपल्या बोलण्याबद्दल जाहीर माफी मागून काही दिवस सुट्टी घेतली होती, म्हणजे किती जुनं दुखणं आहे बघा. माझा नियम एवढाच की तिसऱ्यांदा उत्तराला उत्तर लिहायची वेळ आली की टायपिंग बंद, खुर्ची ओढून शेजारी जाऊन बसायचं, आणि घरून काम करत असेल तर फोन लावायचा. जे ठरलं ते एका ओळीत पीआरवर लिहून टाकायचं. स्क्रीनवर जो माणूस उद्धट वाटतो तो शेजारी बसला की "अरे यार, मला वाटलं तू ते जुनं वालं वापरतोयस" एवढंच म्हणत असतो.

आता गेल्या दोन-तीन वर्षांत एक नवीनच प्रकार सुरू झालाय. एआयकडून कोड लिहून घेतात. घ्या, मी पण घेते, त्यात काही नाही. पण आधी निदान एवढं तरी होतं की पीआर टाकणाऱ्याने तो कोड एकदा स्वतः वाचलेला असायचा, कारण त्यानेच लिहिलेला असायचा. आता तसं नाही. परवा एका मुलाच्या पीआरवर विचारलं की इथे रिट्राय, म्हणजे जमलं नाही तर परत प्रयत्न, पाच वेळा का? तर त्याने माझी कमेंट उचलून त्या टूलला चिकटवली आणि त्याचं उत्तर उचलून मला. छान उत्तर होतं, तीन मुद्दे, व्यवस्थित. फक्त त्या मुलाला अजूनही माहीत नव्हतं की पाच वेळा का. म्हणजे त्या कोडची पहिली वाचक मीच. लिहिणारं कुणी नाही, वाचणारी एकटी मी, आणि पीआर दिवसाला दुप्पट. आणि लिहिणं फुकट होत चाललंय पण वाचणं नाही झालेलं फुकट, उलट महाग झालंय. काही ठिकाणी तर रिव्ह्यूसुद्धा एआयलाच देतात, कॉमा-बिमा बघायला ठीक आहे, चुकाही पकडतो तो बऱ्याच. पण शुक्रवारी पेढे आले आणि पोरगा पुण्याला गेला की मॉड्यूल कुणाला कळतो हा प्रश्न तसाच राहतो. म्हणून त्या मुलाला मी सांगितलं की पुढच्या वेळी पीआर टाकायच्या आधी मला तोंडी सांगायचं, आपल्या शब्दांत, मग टाकायचा. वैतागला तो. बरोबरच आहे, मी पण वैतागले असते.

आणि या सगळ्याच्या तळाशी जो खरा घोळ आहे त्याबद्दल कुणी बोलत नाही, तो म्हणजे टाइमशीट. सर्व्हिस कंपनीत काम केलेल्यांना माहीत आहे, तास दोन प्रकारचे, क्लायंटला बिल लावता येतं ते बिलेबल आणि बाकीचे नॉन-बिलेबल. कोड लिहिला, बिलेबल. बग सोडवला, बिलेबल. दुसऱ्याचा पीआर वाचला? तो कुठे टाकायचा? आमच्या शीटमधे त्याला रकानाच नव्हता, लोक 'मिसलेनियस'मधे टाकायचे आणि महिन्याच्या शेवटी मॅनेजर विचारायचा की तुझे मिसलेनियसचे इतके तास कसे. मग काय करणार माणूस. दिवसभर स्वतःचं काम, आणि रिव्ह्यू रात्री जेवण झाल्यावर. ज्या कामाला वेळच दिलेला नाही ते काम चार मिनिटांत होणार, त्यात त्या माणसाचा आळस कसला?

तर या वर्षीपासून आम्ही भांडून भांडून एस्टिमेटमधे रिव्ह्यूची वेगळी ओळ टाकायला लावली. डेव्हलपमेंट, रिव्ह्यू, टेस्टिंग, अशी. तीन क्लायंट होते त्या वेळी. एकाने काही विचारलंच नाही, सही करून पाठवलं. दुसऱ्याने विचारलं हे काय असतं, समजावलं, "ठीक है" म्हणाला. तिसऱ्याने ती ओळ सरळ खोडली, तुमच्या लोकांनी एकमेकांचं वाचायचे पैसे मी का देऊ म्हणून. सेल्सवाल्यांनी ते तास गुपचूप टेस्टिंगमधे घातले आणि एस्टिमेट परत पाठवलं, ते पास झालं. आता तिथे टाइमशीट भरताना लोक मला येऊन विचारतात की ताई, रिव्ह्यू केला तर टेस्टिंग लिहायचं ना? मी म्हणते हो, टेस्टिंगच लिहा सध्या, पण दिवसा करा.